आवाजाला फळ्याचा रंग

साहेब, माणिकराव मास्तरांच्या सिनेमाचा आवाज तुम्ही मारला. स्वतःच्या हातानं नाही, ती तुमची रीत नाही. तुम्ही तो मास्तरांच्याच हातानं मारवून घेतला, पंचांसमक्ष, आणि वर त्याला 'दुरुस्ती' असं नाव दिलं. आता तुम्ही विचाराल, कोण साहेब, कुठला साहेब? नाव आम्ही घेत नाही. एकाचं नाव घेतलं की खात्यातले बाकीचे साहेब सुटल्यासारखा श्वास टाकतील, आणि आम्हाला इतक्यात कोणालाच सुटू द्यायचं नाही.

झालं ते असं. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला चारपाच वर्षं उलटली होती. ही बातमी रीतसर मार्गानं खाली उतरत उतरत तुमच्या खात्यापर्यंत पोचली, तेव्हा खात्यानं ठरवलं की खेड्यापाड्यात वैज्ञानिक दृष्टी निर्माण करायची. मानोऱ्याच्या अलीकडे पळसपांगरी म्हणून गाव आहे. तिथल्या हायस्कुलात ही दृष्टी एसटीच्या टपावरून, खोक्यात भरून आली. खोक्यात एक प्रोजेक्टर होता, एक भोंग्याची पेटी होती आणि दोन चकत्यांवर गुंडाळलेला एक सिनेमा होता. कोण्या दूरच्या देशानं भारतातल्या मुलांना तो भेट दिला होता. नाव 'तेराव्या चंद्राची सफर'.

हेडमास्तर उकंडराव गावंडे यांनी खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. सरकारी वस्तूला हात लावायचा नाही, हे त्यांच्या नोकरीचं सूत्र होतं. याच सूत्रावर त्यांची नोकरी निवृत्तीच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली होती.

"अंभोरे, तुमी सायन्सवाले," ते म्हणाले. "तुमीच सांभाळा. चांगलं झालं त शाळेनं केलं. वाईट झालं त तुमी."

अंभोरे म्हणजेच आपले माणिकराव मास्तर. विज्ञानाचे बी.एस्सी. घराण्यात पगाराच्या नोकरीत बसलेला हा पहिला माणूस. बसलेला म्हणजे अजून उकिडवाच, कारण नोकरी अस्थायी होती. कायम नेमणुकीचा कागद जिल्ह्याच्या ऑफिसात तुमच्या टेबलावर होता, आणि त्यावर तुमची सही व्हायची होती. सही झाली की मास्तर मांडी घालून बसणार होते. नाही झाली तर उठून कुठे जायचं, हा प्रश्न त्यांच्या बायकोनं, विमलबाईनं, चुलीपुढे बसून अनेकदा विचारला होता आणि मास्तरांनी दर वेळी भाकरीत तोंड घालून टाळला होता.

सिनेमाला अंधार लागतो. शाळा दिवसा भरते. तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना गोधड्या लावायचं ठरलं. शेजारच्या प्रयागबाईनं आपली गोधडी दिली खरी, पण गोधडीबरोबर स्वतःही आली.

"मास्तर, माही गोधडी उन्हाच्या बाजूनं लावू नोका. रंग जाईन."

"प्रयागबाई, ऊन अडवायलेच त लावून राह्यलो."

"मंग दुसऱ्याच्या गोधडीनं अडवा ना! गावात काय माह्याच गोधडीले ऊन समजते?"

शेवटी ती गोधडी सावलीच्या खिडकीला लागली. उन्हाच्या खिडकीला शाळेची सतरंजी लागली, तिला भोकं होती. सिनेमा सुरू झाला तेव्हा भोकांतून उजेडाचे ठिपके पडद्यावर पडले. पडद्यावर आकाशच होतं, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. उलट पळसपांगरीच्या आकाशात इतर देशांपेक्षा थोडे तारे जास्त निघाले.

विजेचं काम धरमसिंगकडे होतं. धरमसिंग जवळच्या तांड्यावरचा. लग्नाकार्यात भोंगा लावायचा त्याचा धंदा. विजेविषयी त्याचा आत्मविश्वास दांडगा होता, आणि तो कोणत्याही माहितीवर अवलंबून नव्हता.

मास्तरांनी बटण दाबलं. फीत फिरू लागली. आणि आवाज आला.

तो आवाज कसा होता, हे सांगणं अवघड आहे. भुंग्याला डब्यात कोंडून तो डबा विहिरीत सोडावा, तसा आधी एक गुंगाट आला. मग रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे अडकतो, तसं काहीतरी वर चढत गेलं, पार छपराला टेकलं आणि ट्युंव ट्युंव करत खाली सांडलं. मग काही वेळ नुसतं गुरगुरणं. पडद्यावर एक यान जात होतं आणि त्याच्या मागे हे सगळं.

"आवाज! आवाज!" वर्गातून ओरडा उठला. कारंज्याच्या तंबूतल्या टॉकीजात ज्यानं एक जरी सिनेमा पाहिला, त्याला हा ओरडा जन्मभर येतो.

धरमसिंगनं पुढे होऊन भोंग्याच्या पेटीला एक थोबाडीत दिली. आवाज जिथल्या तिथे.

"अर्थिंग नाई भाऊ याले," त्यानं निदान केलं. "खिळ्यावर पानी वता."

वर्गाच्या भिंतीबाहेर धरमसिंगनं जमिनीत एक मोठा खिळा ठोकून त्याला तार बांधली होती. वीज रुसली की त्या खिळ्यावर पाणी ओतायचं, हा आपल्याकडचा जुना उपचार. अर्धा वर्ग उठला, शाळेचा रांजण उपसला गेला. ज्याला बादली मिळाली नाही त्यानं तांब्या आणला. आत तेराव्या चंद्राच्या दिशेनं यान गुंगत होतं आणि बाहेर पळसपांगरी खिळ्याला आंघोळ घालत होती. काय गोंधळ आहे ते पाहायला हेडमास्तर बाहेर आले आणि त्या चिखलात आडवे झाले. पांढऱ्या धोतरासकट.

"पाह्यलं?" धरमसिंग म्हणाला. "करंट जमिनीत उतरून राह्यला. हेडसरले झटका बसला."

"झटका नाई बसला, घसरलो मी!" हेडमास्तर चिखलातून ओरडले. पण गावानं झटकाच धरला, कारण तो जास्त वैज्ञानिक होता.

मास्तरांनी सिनेमा थांबवला. खोक्याच्या तळाशी एक इंग्रजी पत्रक होतं. मास्तरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि वर्गापुढे उभं राहून त्याचा अर्थ सांगितला: या सिनेमात बाजाची पेटी नाही, तबला नाही, सारंगी नाही. एकही वाद्य नाही. सगळं संगीत विजेच्या यंत्रांतून काढलेलं आहे. जो आवाज येतो आहे तो बिघाड नाही, तेच म्युझिक.

मग प्रयागबाई म्हणाली, "मंग थे यंत्र बिघडलं असन."

सिनेमा पुन्हा सुरू झाला. आता लोक ओरडले नाहीत. आपल्याला कोणीतरी फसवून राह्यलं आहे, अशा तोंडानं बसून राहिले. पडद्यावरचा माणूस तेराव्या चंद्रावर उतरला. त्याचे सोबती मागेच मेले होते. तो एकटाच त्या पांढऱ्या मातीवरून चालू लागला, आणि तेव्हा एक लांब आवाज आला. एकच. वर नाही, खाली नाही. तो तसाच राहिला, त्या माणसाच्या सावलीएवढा लांब. मास्तरांना आपलं लहानपण आठवलं. मानोऱ्याच्या रस्त्यावर तारेच्या खांबाला कान लावला की आत असंच काहीतरी सतत चाललेलं असायचं. कोण करतं ते कळायचं नाही. पण आपल्याशीच बोलतं आहे, असं वाटायचं.

मागच्या भिंतीला टेकून मास्तरांचे वडील ग्यानबा बसले होते. ते पुढे सरकले.

"माणिक, हे कोन वाजवून राह्यलं?"

"कोनी नाई बाबा. मशीन."

"कोनीच नाई?"

"नाई."

ग्यानबांनी जरा ऐकलं. "म्हंजे याले कोनाले बलावनं धाडा लागत नाई."

साहेब, हे वाक्य तुमच्या कानांना ऐकू येण्यासारखं नाही, म्हणून समजावून सांगतो. आपल्या गावात प्रत्येक वाद्याला जात होती. सनई कोणाच्या तोंडी द्यायची, संबळ कोणी वाजवायचा, सगळं जन्माआधी ठरलेलं. डफडं ग्यानबांच्या गळ्यात होतं. पाटलाकडून बोलावणं आलं की अंगात ताप असो, घरात मयत असो, ते अडकवून निघायचं. लग्न दुसऱ्याचं, देव दुसऱ्याचा, हात मात्र यांचे. छप्पन साली ग्यानबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर ते डफडं नाल्यात फेकलं. त्यानंतर त्यांनी कशावरही बोट म्हणून वाजवलं नाही. दारावर टकटकसुद्धा करायचे नाहीत. बाहेरून हाक मारायचे. अशा माणसाला जन्मात पहिल्यांदा एक असं संगीत ऐकायला मिळालं की जे वाजवायला कोणालाच जन्मावं लागलं नव्हतं. म्हातारा सिनेमा संपेपर्यंत हलला नाही.

आणि बरं का, गावही मग बदललं. दुसऱ्या दिवशी आडावर पोरी घागरी उचलता उचलता ट्युंव ट्युंव करत होत्या. धरमसिंगनं माईक तपासताना 'हॅलो हॅलो' म्हणणं सोडून दिलं, तो आता यानाचा गुंगाट काढायचा आणि म्हणायचा, "बराबर." गावानं पुढे दर शनिवारी सिनेमा लावायला लावला. तांड्यावरून बाया आल्या, मानोऱ्याहून शिक्षक आले. माणूस एकटा चालू लागला की अख्खा वर्ग आता श्वास धरून त्या लांब आवाजाची वाट पाहायचा. मास्तरांची छाती फुगली. वैज्ञानिक दृष्टी एवढ्या लवकर पसरेल असं खुद्द विज्ञानालाही वाटलं नसेल.

इथे हेडमास्तरांनी तुम्हाला कळवलं. पडलेल्या माणसाला चिखल विसरता येत नाही. त्यांनी लिहिलं, 'शाळेस प्राप्त यंत्रामधून संशयास्पद आवाज येत असून निम्नस्वाक्षरीकारास त्याचा झटका बसला आहे. सदर यंत्र श्री. अंभोरे (अस्थायी) यांच्या ताब्यात आहे.' कंसातला तो एक शब्द पाहा साहेब. अख्ख्या वाक्यात वीज होती ती त्या कंसात.

मास्तरांनीही तुम्हाला लिहिलं, की दुसरी एखादी साधी फिल्म पाठवा, कोंबडीपालनाची चालेल, बोलणाऱ्या माणसाची हवी. ती लावली की यंत्र चांगलं आहे हे सिद्ध होईल. तुमचं उत्तर आलं: 'यंत्र नादुरुस्त असल्याची नोंद असताना दुसरी फिल्म देता येत नाही.' मास्तरांनी इंग्रजी पत्रक पाठवलं. तुम्ही कळवलं, 'पत्रकाचे अधिकृत भाषांतर झाल्यावर विचार होईल.' ते पत्रक अजून भाषांतरातच आहे. कोण करतंय, कोणत्या भाषेत, हे त्या पत्रकालाही माहीत नाही.

मग तुम्ही स्वतः आलात. जीपनं. गोधड्या लागल्या. प्रयागबाईनं या खेपेला दोन गोधड्या दिल्या, कारण साहेब कसा दिसतो ते अंधारात जवळून पाहायचं होतं. तुम्ही खुर्चीत बसलात, मांडीवर फाईल, शेजारी चिवडा. सिनेमा सुरू झाला आणि तुमच्या कपाळावर पहिली आठी पडली ती गुंगाटाबरोबरच.

"हा आवाज संगीत नाही," तुम्ही म्हणालात. "माझ्या घरी तंबोरा आहे."

"साहेब, हे दुसऱ्या जातीचं संगीत आहे," मास्तर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"संगीताला जात नसते, मास्तर."

मागे ग्यानबा खोकले. नुसतेच खोकले.

मास्तरांनी मग एक युक्ती केली. धरमसिंगचा माईक प्रोजेक्टरच्या भोंग्याला जोडला आणि त्यात बोलले, "हॅलो. मी माणिकराव अंभोरे, अस्थायी सहायक शिक्षक, बोलतो आहे." आवाज लख्ख आला, शब्दन् शब्द. भोंग्यातून 'अस्थायी' हा शब्द तर पार एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. "पाहा साहेब, यंत्रात दोष नाही."

"मान्य," तुम्ही म्हणालात. मास्तरांचा चेहरा उजळला. "यंत्र निर्दोष आहे. म्हणजे फिल्म तुम्ही खराब केली."

अशी गंमत आहे. बुद्धिमान माणसाचा काही नेम नसतो.

तुम्ही फीत हातात घेतलीत आणि उजेडाकडे धरलीत. मास्तरांनी प्रयोगशाळेतलं भिंग स्वतः धावत जाऊन आणून दिलं. सत्य मोठं करून दाखवलं की साहेबाला दिसेल, असा त्यांचा समज. बी.एस्सी. झालेल्या माणसांत हा समज फार असतो. भिंगातून तुम्हाला चित्रं दिसली, आणि चित्रांच्या कडेनं, सबंध फितीभर, एक वाकडीतिकडी थरथरती रेघ दिसली.

"हा ओरखडा कोणी पाडला?"

"साहेब, तो ओरखडा नाही. तोच आवाज."

"मी आवाज कानानं ऐकतो."

"नाही साहेब, म्हणजे हो साहेब. त्या रेघेतून दिव्याचा उजेड जातो. रेघ जिथे रुंद तिथे जास्त, अरुंद तिथे कमी. त्या कमीजास्त उजेडाची वीज होते आणि विजेचा आवाज होतो."

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. "म्हणजे या रेघेमुळे हा आवाज होतो, हे तुम्हाला मान्य आहे?"

"होय साहेब!" मास्तर आनंदानं म्हणाले. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात इतक्या लवकर कोणाला समजलं नव्हतं.

"मग रेघ काढून टाका."

धरमसिंगनं मान डोलावली. त्याला पटलं होतं.

तुमचा आदेश आठवड्यात आला. सदर रेघ स्थानिक पातळीवर अपारदर्शक द्रव्यानं बुजवावी, पंचनामा करावा, अहवाल द्यावा. त्यानंतर संबंधित शिक्षकाच्या कायम नेमणुकीचा विचार करण्यात येईल. शेवटचं वाक्य शेवटी का घालायचं असतं, हे तुम्ही कुठे शिकलात साहेब? फार चांगल्या शाळेत शिकला असणार.

घरी विमलबाईनं आदेश ऐकला. "मंग लावा ना रंग अन् व्हा मोकळे. आवाज काय चुलीवर शिजते?"

"विमल, थे संगीत आहे."

"तुमची कायमची ऑर्डरबी आहे. एक दिसते, एक ऐकू येते. दोन्हीतलं पोराईले पोसते कोनतं?"

मास्तर ओट्यावर जाऊन बसले. सिनेमा दुसऱ्याचा, नोकरी आपली; हिशेब लहान मुलालाही जमेल असा होता. मग आतून भाकरीच्या थापण्याबरोबर एक आवाज येऊ लागला. लांब, एकाच पट्टीतला. विमलबाई भाकरी थापता थापता तेराव्या चंद्रावरून चालत होती. मास्तर आत गेले तर ती गप्प झाली आणि म्हणाली, "काय पाहता? भाकर जळून राह्यली म्हून तोंडातून निघालं."

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. अपारदर्शक द्रव्याबद्दल मत नसलेला एकही माणूस पळसपांगरीत निघाला नाही. प्रयागबाई म्हणाली, एरंडेलाचं काजळ. धरमसिंग म्हणाला, डांबर. रस्त्याचं काम चालू आहे, लागेल तेवढं आणतो. हेडमास्तर म्हणाले, शाई, कारण शाई सरकारी आहे. शाई लावली. ती पातळ निघाली, रेघेवर डाग पडले आणि आवाज पडसं झाल्यासारखा येऊ लागला. यान मधेमधे शिंकायचं. गावाला ते फारच आवडलं. शेवटी फळ्याला लावायचा काळा रंग आणला. चित्रकलेची बारीक कुंचली घेतली. धरमसिंग आणि प्रयागबाई पंच म्हणून बसले. प्रयागबाई अंगठा द्यायच्या घाईत होती, तो तिनं आधीच शाईत बुडवून ठेवला होता.

मास्तर टेबलावर वाकले. एका हातानं फीत सरकवायची, दुसऱ्या हातानं रेघ बुजवायची. यानाचा गुंगाट गेला. तारे सांडल्यासारखं जे वाजायचं, ते गेलं. कुंचली त्या एकट्या माणसाच्या चित्रांपाशी आली तेव्हा तिथली रेघ भिंगाशिवायही ओळखू आली. बाकी ठिकाणी ती वाकडीतिकडी होती, इथे तिची थरथर एकसारखी होती, एकाच मापाची. मास्तरांचा हात थांबला.

ग्यानबा दारात उभे होते. केव्हाचे, कोणास ठाऊक. टकटक तर ते करत नसत.

"माणिक," ते म्हणाले, "म्या डफडं फेकलं थे माह्या मनानं फेकलं. मले कोनी कागद नव्हता धाडला."

"बाबा, नाई लावला त कायमची ऑर्डर निघनार नाई."

"माहीत हाय. लाव रंग. लेकरं हायत तुले." म्हातारा वळला. "म्या फक्त फरक सांगतला."

मास्तरांनी रंग लावला. आम्ही त्यांना शूर म्हणत नाही आणि भेकडही म्हणत नाही. ज्याचं बूड पिढ्यान्‌पिढ्या जमिनीलाच टेकलेलं होतं, त्याला खुर्ची उचलून घेण्याची भीती दाखवायला अक्कल लागत नाही, साहेब. नुसतं टेबल लागतं.

रंग वाळला. अहवाल गेला. दोष दूर झाला की नाही ते पाहायला तुम्ही पुन्हा आलात. पुन्हा खुर्ची, पुन्हा चिवडा. या वेळी अख्खं गाव लोटलं होतं. खिडक्यांतही माणसं बसल्यानं प्रयागबाईच्या गोधडीची गरज पडली नाही, याचा तिला राग आला. मास्तरांनी बटण दाबलं. यान निघालं, आणि भोंग्यातून काहीही आलं नाही. फीत चरचरत फिरत होती, बस. तुम्ही समाधानानं मान डोलावलीत. पहिल्यांदाच.

"आता कसं स्वच्छ वाटतं," तुम्ही म्हणालात.

आणि तेव्हा मागच्या बाकावरून बारीकसा गुंगाट आला.

तुम्ही वळून पाहिलंत. अंधार. गुंगाट थांबला. तुम्ही पुढे पाहिलंत तर तो उजवीकडून आला, मग डावीकडून. भुंगा डब्यात, डबा विहिरीत. यान वळलं तसं पोरींच्या बाजूनं ट्युंव ट्युंव सुरू झालं, अगदी वेळेवर. तांड्यावरच्या बायांनी वर चढणारा सूर उचलला आणि त्यांच्या लांब गाण्यांच्या सवयीनं तो छपराच्याही वर नेला. धरमसिंग तर माईकवाला. त्याच्या एकट्याच्या गळ्यातून दोन इंजिनं निघत होती. कोणी ठरवलं नव्हतं साहेब. त्यांना तो सिनेमा तोंडपाठ होता, आणि मुका सिनेमा पाहून राहवलं नाही, एवढंच.

"मास्तर! आवाज पुन्हा येतो आहे!"

"यंत्रातून नाही साहेब."

"मग बंद करा यंत्र!"

मास्तरांनी यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला. आवाज चालूच राहिला. तुम्ही भोंग्याच्या पेटीला कान लावलात. वाकून, कोट सावरून. सबंध पळसपांगरीनं ते पाहिलं आणि आपलं काम मन लावून चालू ठेवलं. मास्तरांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी न विचारता यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर तो माणूस तेराव्या चंद्रावर एकटा चालू लागला होता. गुंगाट थांबला. ट्युंव ट्युंव थांबलं. आता तो लांब आवाज यायला हवा होता, आणि तो कोणालाच जमत नव्हता. आडावरच्या पोरींनी कितीदा करून पाहिला होता, दम पुरत नसे.

भिंतीपाशी ग्यानबा बसले होते. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड बंद ठेवून, पोटातून, तो सूर लावला. वर नाही, खाली नाही. त्या सुराखाली, म्हाताऱ्याच्या नकळत, त्यांची बोटं जमिनीवर अगदी हळू पडत होती. त्यांना कोणी बोलावणं धाडलं नव्हतं.

विमलबाईनं पदर तोंडाशी घेतला आणि तीही त्यात मिसळली. मग हळूहळू सगळेच. कोण कोणाच्या शेजारी बसलं आहे, हे त्या अंधारात कोणी पाहिलं नाही. हेडमास्तरसुद्धा गुणगुणत होते, असं प्रयागबाई शपथेवर सांगते. अंगठा द्यायला ती आजही तयार आहे.

तुम्ही जीपमध्ये बसून तिथल्या तिथे शेरा लिहिलात. 'फिल्म दुरुस्त आढळली. यंत्र दुरुस्त आढळले. आवाज येतच आहे. दोष कायम. सबब श्री. अंभोरे यांच्या नेमणुकीचा विचार दोष दूर होईपर्यंत स्थगित.' म्हणजे गावात एक गोष्ट तरी कायम झाली. आणि खाली एक ओळ: 'संबंधित शिक्षकाने आवाजाचा उगम शोधून तो बंद करावा.'

उगम सापडला आहे, साहेब. पळसपांगरीच्या आडावर आहे, तांड्यावर आहे, विमलबाईच्या चुलीपुढे आहे आणि एका म्हाताऱ्याच्या पोटात आहे. मास्तरांनी त्यांच्या हातानं एकदा रंग लावला. फळ्याच्या रंगाचा डबा अजून अर्धा भरलेला आहे, कुंचलीही आहे, पंच तयार आहेत. फक्त या खेपेला भिंगातूनसुद्धा कुठेच रेघ दिसत नाही.

तेव्हा एवढंच विचारायचं आहे. रंग कुठे लावायचा, साहेब? कोणाच्या गळ्याला आधी? बोला, आम्ही ऐकतो आहोत. आमचे कान शाबूत आहेत. तुमचं उत्तर लेखी पाठवा.